कोंडलेली कीड

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, त्यात लाजण्यासारखं काय आहे? उमरीजवळचं आमचं खेडं, कोरडवाहू शेत आणि चार चुलते. त्यांच्या लेकरांत बारावीच्या पुढचं पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. मी नांदेडला खोली करून राहिले, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. लग्न होऊन लातूरला आले आणि आता इथल्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. पण शिकून तुझ्या हाताला काय लागलं असं कुणी विचारलं, तर मी पदवीचं नाव घेत नाही. लेकीच्या उजव्या दाढेची गोष्ट सांगते.

लेक तेव्हा तिसरीत होती. शाळेत दात तपासायला डॉक्टर येऊन गेले आणि दप्तरातून चिठ्ठी घरी आली. खालच्या दोन्ही पहिल्या कायमच्या दाढांना कीड, दाखवून घ्यावे. नवऱ्यानं ती वाचली आणि परत दप्तरात खुपसली.

"दुधाची असंल. पडंल की आपोआप."

"कायमची लिहिलंय."

"आठ वर्षाच्या लेकराला कसली कायमची?"

नवरा डाळमिलवर मशीन चालवतो. माणूस समजूतदार आहे, पण इथं भलेभले फसतात. दुधाचा दात पडतो आणि त्या जागी पक्का येतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ येते, ती कुठलाच दात पाडून येत नाही. बहुतेक वेळा काही त्रासही देत नाही, गुपचूप येऊन बसते. त्यामुळं ती आलेली घरात कुणाला कळत नाही आणि सगळे तिला दुधाची धरून चालतात. ती जन्माची असते. गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

हे मला आधी पुस्तकानं शिकवलं नाही, माझ्या तोंडानं शिकवलं. माझी हीच दाढ दहाव्या वर्षी ठणकायला लागली होती. माझी माय गावात दातांना धुरी देते. भोकरपर्यंतची माणसं तिच्याकडं येतात. भुईरिंगणीच्या बिया जाळून त्यांचा धूर नळीनं दाढेला द्यायचा, म्हणजे किडे खालच्या पाण्यात पडतात, अशी ही विद्या. त्याचं काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही, नाहीतर हातचा गुण जातो. मायनं मला तीनदा धुरी दिली. तिन्ही वेळा किडे पडले, ठणका थांबला आणि आम्ही निवांत झालो. वर्षभरानं गाल सुजून डोळा झाकला तेव्हा दादांनी, माझ्या वडिलांनी, मला नांदेडला नेलं, आणि दाढ उपटावी लागली.

म्हणून ती चिठ्ठी मी लेकीच्या दप्तरातून परत काढली. लेकीच्या दोन्ही दाढा वाचवायच्या होत्या. त्यांतली एकही जाऊ द्यायची नव्हती.

पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या जुन्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दोन्ही दाढा पाहिल्या. "दोन्ही कोरू, सिमेंट भरू. कीड म्हणजे कीड, ती आत ठेवून चालत नाही." बोलणं सरळ होतं आणि मला पटलंही. पण त्यांनी मशीन नुसती चालू करून आवाज ऐकवला आणि लेकीनं तोंड जे मिटलं ते घरी येऊन जिलेबी दाखवली तरी उघडेना.

नवरा म्हणाला, "तुझ्यावर गेलीय. हट्टाला पेटली की बैल लावून बी हलत न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टर होती, देगलूरकडची. तिनं मशीनला हात लावला नाही. आधी कापसानं दाढा कोरड्या केल्या, उजेड पाडला, आणि लेकीच्या हातात आरसा देऊन म्हणाली, "हं मॅडम, आता तुम्हीच सांगा, ह्या दोन दाढांत फरक काय?"

मॅडम म्हटल्यावर लेकीनं तोंड रेल्वेच्या बोगद्याएवढं उघडलं. "डाव्या दाढेला भोक हाय. उजवीला नुसत्या काळ्या रेघा हायत."

"शाब्बास. डॉक्टर होशील तू."

फरक तेवढाच होता. डाव्या दाढेत ज्वारीचा दाणा अडकेल एवढा खड्डा पडलेला होता. उजवीच्या नुसत्या खाचा तपकिरी झाल्या होत्या, वरचा पृष्ठभाग कुठं फुटला नव्हता. एक्स-रेमध्येही कीड वरवरच दिसत होती.

"डावी भरावीच लागंल," डॉक्टर म्हणाली. "भोक पडल्यावर दुसरा इलाज न्हाई. पण उजवी मी कोरणार न्हाई. खाचांवर सीलंट ओतून बंद करते."

"आणि आतली कीड?" मी विचारलं.

"ती आतच ऱ्हाऊ द्यायची."

नवरा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो पुढं आला. "मॅडम, माफ करा, मी मिलवर काम करतो. किडकी तूर पोत्यात घालून पोतं शिवलं तर महिन्यात पोत्याचं पीठ हुतंय. हे तर तसंच झालं."

मला वाटलं, आता ती चिडेल. ती हसली. "तुरीतला किडा तूर खातो, दादा. हा दात खात न्हाई. हा साखर खातो आणि आम्ल सोडतो, दात झिजतो तो त्या आम्लानं. साखर तोंडातून येते. वरचं दार घट्ट बंद केलं की त्याला खायला मिळत न्हाई आणि आम्लही बनत न्हाई. कीड तिथंच थांबते."

आम्ल म्हटल्यावर मी माझ्या प्रांतात आले. "झाकण सुटलं तर?"

"सुटू शकतं. म्हणून सहा-सहा महिन्याला दाखवायचं. सुटलं तर परत लावू. आतली कीड वाढलीच तर मग कोरू. कोरायचं कधीही कोरता येतं, ताई. कोरून काढलेला दात मात्र परत लावता येत न्हाई. एकदा सिमेंट भरलं की ते कधी ना कधी निघतं, परत भरताना खड्डा थोडा मोठा होतो. आठ वर्षाच्या पोरीला ही दाढ सत्तर वर्षं वापरायचीय."

नवरा माझ्याकडं बघत होता. घरात असल्या गोष्टींचा निकाल माझ्याकडं असतो, कारण मी शिकलेली. हा मान वरून छान दिसतो. पण निकाल चुकला तर चूकही शिकलेलीचीच, आणि भोगणार लेक. एका डॉक्टरांचं म्हणणं कीड ठेवू नका, दुसरीचं ठेवा. मी पुन्हा तो एक्स-रे पाहिला, लेकीची दाढ पाहिली.

"झाका," मी म्हणाले.

त्या दिवशी आधी उजवी झाली. खाचा साफ केल्या, मग त्यांवर निळसर आम्लाचा थेंब सोडला. आम्लानं बिघडलेल्या दाढेवर आम्लच! मला हसू आलं. त्यानं दाताचा वरचा थर किंचित खरबरीत होतो आणि झाकण पकड धरतं. पाण्यानं धुऊन वाळवल्यावर ती जागा खडूसारखी पांढरी दिसली. मग पातळ औषध खाचांत उतरलं, निळ्या दिव्यानं ते कडक झालं, आणि संपलं. मशीन नाही, सुई नाही. लेक खुर्चीतून उतरताना म्हणाली, "एवढंच व्हय?" डावी पुढच्या आठवड्यात भरली. तिथं मशीन लागली आणि रडणंही झालं.

फोनवर मायला मी सगळं कौतुकानं सांगितलं. तीच चूक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी माय दारात उभी. एसटीनं नांदेडवरून आली होती, हातात गाठोडं.

"कुठंय लेकरू? आ कर माय." उजेडाकडं तोंड करून तिनं दाढ पाहिली. "हे पांढरं चमकून राहिलं ते झाकान का?"

"हाव."

"अन् किडा?"

"आतच हाय."

माय मटकन खाली बसली. "साप घरात ठिवून भाईरून कडी लावनारी तू पहिलीच बघितली. कॉलेजात हेच शिकीवलं का तुला? आधी ते काढून आन. मी धुरी देते, किडा पडू दे, मंग तुला काय झाकायचं ते झाक." गाठोड्यातून भोकाचं गाडगं निघालं, पपईच्या देठाची नळी निघाली, आणि फडक्यात बांधलेल्या रिंगणीच्या बिया.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी वर्षानुवर्षं मायपासून लपवली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सुटीत घरी गेले होते. माय शेतात होती. मी तिचंच सामान मांडलं, बिया जाळल्या, पण नळीला तोंड लावलं नाही. कुणाचंच तोंड नसताना पाण्यात पांढरे किडे पडले. मग एक बी ब्लेडनं उभी चिरली. रिंगणीच्या बीमध्ये कोंब वेटोळं घालून बसलेला असतो, थेट अळीसारखा. बी तापून फुटली की तो उडून पाण्यात पडतो. मी सगळं आवरून ठेवलं आणि गप्प बसले. ज्या बाईच्या दारी भोकरची माणसं येतात, तिला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पण आता लेकीची दाढ पणाला लागली होती. मी सांगितलं. सगळंच.

माय मला वरून खालपर्यंत न्याहाळत राहिली. मग पदर खोचला. "कर माझ्यासमोर."

लातूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात धुरी मांडली. परातीत पाणी, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर गॅसवर लाल केलेली पळी, तेलात भिजवलेल्या बिया आणि वरून गाडगं. घरभर धूर झाला. खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "काय जळून राहिलंय वो वैनी?" "काही न्हाई, प्रॅक्टिकल चालू हाय!" मी खिडकीतून सांगितलं. नळी तशीच मोकळी ठेवली होती. थोड्या वेळानं मायनं गाडगं उचललं. लेक परातीवर वाकली.

"आजी, सात पडले! आजी, गाडग्याला दात हाय का?"

मला हसू फुटलं आणि ते मी दातांखाली दाबलं. माय हसली नाही. तिनं ब्लेड मागितलं. मी शाळेतून आणलेलं भिंग दिलं. एक बी चिरली, दुसरी चिरली, तिसरी चिरली. मग ब्लेड खाली ठेवून म्हणाली, "तुला तीनदा दिली व्हती म्या."

"ठणका थांबायचा की, माय."

"ठणका थांबला म्हनूनच घात झाला. न्हाईतर तवाच नांदेडला नेलं असतं तुला."

मी उठून चहा ठेवला. माय रडून बसणाऱ्यांतली नाही. अर्धा कप झाल्यावर तिनंच विचारलं, "मंग खरा किडा कसा ऱ्हातो? काय खातो?" मी सांगितलं, डॉक्टरीण म्हणाली तसंच. डोळ्यांना दिसत नाही, साखर खातो, आम्ल सोडतो, वरून बंद केलं की उपाशी राहतो. माय ऐकत ऐकत कप फिरवत होती, आणि एकदम थांबली.

"म्हंजी पेव म्हन की!"

आमच्याकडं पूर्वी ज्वारी जमिनीतल्या पेवात भरायचे. तोंडावर दगड आणि त्यावर चिखलाचा गच्च लेप. वर्ष-दोन वर्षं दाण्याला काही होत नसे. भरताना ज्वारीत सोंडकिडे असले तरी तेसुद्धा आत मरून जात. पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं, कारण आतली हवा माणसाला मारते. हे सगळं मायनं डोळ्यांनी पाहिलेलं. पेवात हवा संपते आणि दाढेत खाणं संपतं, हा फरक मला दिसत होता. पण त्या दिवशी मी मायला दुरुस्त करायला गेले नाही. मला चार दिवस लागले होते ते तिनं अर्ध्या कपात गाठलं होतं.

"मंग आता त्येला हात लावू नको," माय म्हणाली. जणू झाकण काढायचा हट्ट माझाच होता! "पेव भरल्यावर मधी उकरायचं नसतंय. फकस्त वरचा लेप बगत ऱ्हा. भेग पडली की लगेच लिंपायचं."

आणि भेग पडलीच. पाचेक महिन्यांनी ब्रश करताना लेक म्हणाली, "मम्मी, उजव्या दाढेला जीभ खरखर लागतीय." बॅटरी लावून पाहिलं. मागच्या बाजूला झाकणाचा टवका निघाला होता आणि खाली तपकिरी रेघ दिसत होती.

नवरा शांतपणे म्हणाला, "आता बास. तुझा प्रयोग झाला. जुन्या डॉक्टरकडं जाऊ अन् भरून टाकू."

त्याचं चुकत नव्हतं. कीड आत वाढली असेल तर मी पाच महिने लेकीची दाढ सडू दिली, एवढाच त्याचा अर्थ होता. मी मायला फोन लावला. कशाला लावला, मलाही माहीत नाही.

"लेप भेगाळला, पेव फुटलं का?" मायनं विचारलं.

"ठाऊक न्हाई."

"मंग आधी बगून घे. अन् जावईबापूला म्हनावं, भेग पडली म्हनून कुनी पेव खनून काढत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दाढ कोरडी केली, उजेडात बराच वेळ पाहिली, परत एक्स-रे काढला. तो संगणकावर येईपर्यंत नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडं पाहिलं नाही. तिनं जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले.

"वाढली न्हाई. वेळेवर आलात. उरलेलं झाकण घट्ट हाय, नुसता टवका भरून घेते."

परत निळं आम्ल, परत निळा दिवा. येताना नवऱ्यानं गाडीवरून विचारलं, "पेव म्हंजी काय असतंय गं?" तो पक्का शहरातला. घर येईपर्यंत मी सांगत होते.

त्यानंतर एकही तपासणी मी चुकवली नाही. शाळेत परीक्षा असो, पाहुणे असोत, तारीख म्हणजे तारीख. लेक मुक्कामाला गेली तर ब्रश तिच्या आधी पिशवीत जायचा. चिकट गोळ्या बंद केल्या त्यावरून घरात दोनदा उपोषण झालं, दोन्ही मी मोडून काढली. आणि गावाकडं माय बदलली होती. लेकरू घेऊन कुणी धुरी मागायला आलं की ती आधी वय विचारायची आणि तोंड उघडायला लावायची. मागची दाढ आली असेल तर धुरी द्यायचीच नाही. "हितं काय ठिवलंय? उद्याच्या गाडीनं नांदेडला ने," म्हणून वाटेला लावायची. दोघी-तिघी रुसल्या. मायला फिकीर नव्हती.

दोन वर्षं झाल्यावरच्या तपासणीला माय मुद्दाम आली. मला डोळ्यांनी बघायचंय, म्हणाली. डाव्या दाढेतलं सिमेंट एका कडेनं फुटलं होतं. ते काढून परत भरावं लागलं, आणि खड्डा पहिल्यापेक्षा मोठा झाला, डॉक्टर म्हणाली होती तसाच. भरण्याला मी नावं ठेवत नाही. त्यानंच ती दाढ तोंडात राहिली. पण उजवी? उजवीचे तीन एक्स-रे ओळीनं लावले. पहिला, टवका निघाला तेव्हाचा आणि आजचा. डॉक्टरनं पेनाच्या टोकानं तिन्हींवर तीच जागा दाखवली.

"जशीच्या तशी. केसभर हलली न्हाई."

माय संगणकाच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली. "म्हंजी मेला का किडा?"

"मेल्यातच जमा, आजी. खायला न्हाई, हलता येत न्हाई."

"कोरावं लागनार न्हाई?"

"आता तरी न्हाई. अशीच काळजी घेतली तर कधीच न्हाई."

माय माझ्याकडं वळली. वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल, कॉलेजचं सार्थक झालं म्हणेल. तिनं पदराच्या गाठीतून मोबाईल काढला आणि माझ्याच हातात दिला. "गावाकडं लाव. तुझ्या चुलतीला."

फोन लागला. दवाखान्यातल्या बाकावरची सगळी माणसं ऐकत होती आणि मायचा आवाज शेताच्या त्या बांधावरून ह्या बांधावर जाणारा.

"हाव, लातूरलाच हाय. आगं, दाढ वाचली! कोरली न्हाई, उपटली न्हाई. कोंडून मारला किडा आम्ही."

डॉक्टरीण तोंडाच्या मास्कमागं हसत होती. नवऱ्यानं मला कोपर मारलं, "आम्ही म्हनं!" मी त्याला गप्प बसवलं. सांगू दे तिला. दहा वर्षांची माझी लेक खुर्चीत पाय हलवत बसली होती, आणि तिच्या तोंडात उजवीकडं, खाली, तिची स्वतःची अख्खी दाढ होती.